उलट बाजूचं वजन

४ फेब्रुवारी

ती. आत्यास सादर प्रणाम.

तू फोनवर बोलायचं सोडलंस त्याला आज तीन महिने झाले. "तू तिकडून 'हो आत्या' म्हणतोस आणि लॅपटॉप बडवतोस" हा तुझा आरोप खरा आहे, म्हणून हा कागद. अक्षर वाचता आलं नाही तर दोष माझ्या शाळेचा.

बातमी अशी, की मला अखेर कामाचं काम मिळालं आहे. बाबांसारखी ज्यांची एक बाजू लुळी पडली आहे त्यांच्यासाठी आम्ही यांत्रिक हात बनवतोय. पेशंटने आपला हात एका पन्हाळीत ठेवायचा. हाताचा भार यंत्र घेतं आणि पेशंट फक्त हलवायचा व्यायाम करतो. आता मुख्य गंमत. यंत्राचा हात स्वतःच अकरा किलोचा आहे. तो मोटरने सतत तोलून धरायचा म्हणजे मोटर तापते, वीज खाते आणि बंद पडली की हात कोसळतो. म्हणून मी सांध्याच्या मागे दांडा वाढवला आणि उलट बाजूला लोखंडाचं वजन बसवलं. काल यंत्र बंद असताना मी तो हात करंगळीने वर नेला आणि सोडून दिला. जिथे सोडला तिथेच राहिला. ऑफिसात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मी त्या नादात जेवायला दोन वाजता गेलो.

चाचण्या झाल्या की पहिलं यंत्र बाबांना पाठवणार. ते व्यायाम करतात ना?

तुझा,
भाचा

१५ फेब्रुवारी

चि. इंजिनिअरसाहेबांस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर वाचता आलं नाही, पण आशय कळला: एका बाजूला ओझं असेल तर दुसऱ्या बाजूला ओझं ठेवावं. हा शोध लावल्याबद्दल तुझं अभिनंदन. एकतीस वर्षं मी हेच केलं, फक्त मला कुणी लॅपटॉप दिला नाही.

तू लहान असताना आत्या नाटकात आहे असं सगळ्यांना सांगत फिरायचास, आणि लोक विचारायचे कुठल्या भूमिकेत. भूमिका अशी, की मी दिसत नसे. रंगमंचाच्या वर लोखंडी दांडे टांगलेले असतात. त्यांना पडदे, भिंती, अख्खे राजवाडे बांधतात. दांड्याचे दोर वर कप्प्यांवरून फिरून बाजूला एका चौकटीला येतात. तिला आम्ही पाळणा म्हणायचो. पाळण्यात लोखंडी विटा भरायच्या, राजवाड्याच्या वजनाइतक्या. मग तोच राजवाडा दोन बोटांनी वर जातो. टाळ्या राजाला पडायच्या.

नियम एकच होता. सामान उतरवायचं असेल तर आधी पाळण्यातल्या विटा काढायच्या, मग दांड्यावरचं सामान सोडायचं. उलट केलंस तर भरलेला पाळणा दगडासारखा खाली येतो आणि मोकळा दांडा बंदुकीच्या गोळीसारखा वर जातो. तुमच्या कॉलेजात हे शिकवतात की नुसत्या फी घेतात?

गुडघे बोलायला लागले म्हणून मी सोडलं, नाहीतर आजही त्या शिड्या चढले असते.

तुझे बाबा, म्हणजे माझे दादा, खिडकीपाशी बसून असतात. उजवा हात मांडीवर असा ठेवतात की जणू शेजाऱ्याचं पार्सल आलंय, मालक आला की द्यायचं. व्यायाम शिकवणारी बाई सांगून जाते, वीस वेळा उचला. दादा म्हणतात, तू गेलीस की उचलतो. ती जाते. दादा पेपर वाचतात.

आत्या

१२ मार्च

ती. आत्यास सा. न.

तुझा राजवाडा ऑफिसात वाचून दाखवला. सगळ्यांना आवडला, आमच्या साहेबांना सोडून. त्यांचं नाव आम्ही सुटसुटीतराव ठेवलंय, कारण त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट सुटसुटीत हवी असते. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली आणि मागच्या लोखंडाकडे बोट दाखवून म्हणाले, हा काय भंगाराच्या दुकानातला तराजू आहे का.

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकून घेणं हा त्यांचा गुण आहे, त्यानंतर ते स्वतःचंच करतात. त्यांचं म्हणणं सगळंच चूक नाही. वजन लावलं की यंत्र एकूण जड होतं, सुरू होताना आणि थांबताना आळस करतं, आणि दवाखान्याच्या दारातून नेताना मागचा दांडा चौकटीला आपटतो. शेवटी ठरलं, की वजन काढायचं, मोठी मोटर बसवायची आणि सांध्यात ब्रेक आहेच. वीज गेली की ब्रेक आपोआप पकडतो.

यंत्र आता खरंच देखणं दिसतं. आणि मला टीमचा प्रमुख केलंय. सुरक्षिततेच्या कागदावर आता माझी सही असते. बाबांना सांग. त्यांना सह्या आवडतात.

तुझा,
टीमप्रमुख

२२ मार्च

चि. टीमप्रमुखांस आशीर्वाद.

दादांना सांगितलं. ते म्हणाले, "कशावर सही केली ते वाचलं का त्याने?" मी म्हटलं, आपलाच मुलगा आहे, वाचलं असेल.

सुटसुटीतरावांना माझा नमस्कार सांग. आमच्याकडेही असा एक व्यवस्थापक होता. त्याला पाळणे प्रेक्षकांच्या कडेच्या खुर्च्यांवरून दिसतात याचं दुःख होतं. आम्ही त्याच्यासाठी एक काळा पडदा लावला. वजन काढलं नाही, साहेबाच्या डोळ्यांवर पडदा टाकला. ही युक्ती फुकट देते आहे.

ब्रेक आहेच, असं तू लिहितोस. माझं शिक्षण बेताचं, तरी विचारते: वजन असताना त्या ब्रेकला काय धरावं लागत होतं, आणि आता काय धरावं लागतं? उत्तर मला नको, स्वतःला दे.

इकडचं वर्तमान. तुझं यंत्र येईल तेव्हा येईल, म्हणून मी छताच्या कडीला कप्पी अडकवली. एका टोकाला जुन्या चादरीची झोळी, तिच्यात दादांचा हात. दुसऱ्या टोकाला कापडी पिशवी, तिच्यात वाळू. हाताच्या वजनाइतकी वाळू लागायला तीन दिवस गेले. आधी जास्त झाली, दादांचा हात वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा वर गेला आणि ते माझ्यावर चिडले. मग कमी झाली. परवा बरोबर बसली. दादांनी हात पोटापासून हनुवटीपर्यंत नेला, आणि मी बघते आहे हे लक्षात येताच दाढी खाजवायची होती असं दाखवलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी उजव्या हाताने दाढी खाजवली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

आत्या

२ जून

ती. आत्यास सा. न.

उशीर झाला. काम होतं.

तुझी तीन पत्रं मिळाली. बाबांच्या झोळीचं वाचून बरं वाटलं. यंत्र इतक्यात पाठवता येणार नाही. दवाखान्यात चाचणी चालू असताना थोडा गोंधळ झाला. तिथल्या नर्सने व्यायामाच्या मध्येच वीज तोडणारं लाल बटण दाबलं, आणि हात खाली आला. पेशंटला लागलं. ते निवृत्त सुतार आहेत. आता बरे आहेत. चौकशी चालू आहे. नर्सला सध्या घरी बसवलंय. प्रशिक्षणात कुठे काय कमी पडलं ते बघतायत.

बाकी ठीक. इथे उकाडा फार आहे.

भाचा

१० जून

चि. भाच्यास,

उकाड्याबद्दल कळवलंस, आभारी आहे. मला तीच काळजी होती.

तुझं पत्र मी दादांना वाचून दाखवलं. मोठ्याने वाचलं की लपवलेलं ऐकू येतं. "थोडा गोंधळ." "पेशंटला लागलं." कुठे लागलं, किती लागलं, हाड की कातडी, काही नाही. करंगळीच्या गमतीवर अर्धं पान लिहिणारा माणूस तू.

लाल बटण कशासाठी असतं? माझ्या समजुतीप्रमाणे काही बिघडलं तर दाबण्यासाठी. म्हणजे त्या मुलीने जे करायचं तेच केलं. थांब म्हटल्यावर यंत्र थांबायला हवं होतं. ते पडलं. तोललेला हात बटण दाबल्याने पडत नाही, तूच फेब्रुवारीत लिहिलं आहेस, जिथे सोडला तिथेच राहिला. आता तो पडला, कारण उलट बाजूला काही नव्हतं आणि ब्रेकला ते पेललं नाही. हे मला इथे बसून कळतं. तुझ्या चौकशी समितीत किती इंजिनिअर आहेत?

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण तुम्ही लोकांनी प्रशिक्षणात घेतली असावी.

एकच प्रश्न, आणि याचं उत्तर मला हवं आहे. ब्रेकच्या कागदावर सही कुणाची?

आत्या

२१ जून

आत्या,

माझी.

तुला सगळं हवंय ना, घे. ब्रेकचं गणित मी जानेवारीत केलं होतं, वजन बसवलेलं असताना. तेव्हा ब्रेकला जवळजवळ काहीच धरायचं नव्हतं, म्हणून लहान ब्रेक निवडला. मार्चमध्ये वजन काढलं. गणित नव्याने करायला हवं होतं. दोन दिवसांत प्रात्यक्षिक होतं. मी जुनाच कागद काढला, तारीख बदलली आणि सही केली. तुझं पत्र नंतर आलं. "उत्तर स्वतःला दे" हे दोनदा वाचलं. तरी गणित केलं नाही. केलं असतं तर उत्तर कळलं असतं.

सुतारकाकांचं कोपर आणि मनगट, दोन्ही मोडलं. दुखतंय म्हणाले, म्हणून नर्सने बटण दाबलं. त्यांचा हात पट्ट्यांनी यंत्राला बांधलेला होता. यंत्राबरोबर तो टेबलाच्या कडेवर आपटला. मी चार हातांच्या अंतरावर उभा होतो.

समितीसमोर साहेब म्हणाले की बटण चुकीच्या क्षणी दाबलं गेलं. मी गप्प बसलो. मला काही विचारलं नव्हतं. त्या नर्सने माझ्याकडे पाहिलं, मी कागद चाळत राहिलो.

आता तू म्हणशील जा आणि सांग. तुला ते सोपं आहे. एकतीस वर्षं तुझ्या हातून एक वीटसुद्धा पडली नाही हे आम्ही घरात लहानपणापासून ऐकतोय. ज्यांच्या हातून कधी काही चुकलं नाही त्यांना दुसऱ्याची सही विचारणं शोभून दिसतं.

भाचा

१ जुलै

चि. भाच्यास,

तुझं पत्र दादांना वाचून दाखवलं नाही. हेही दाखवणार नाही. टोमणे मारायचे तर माझ्याकडे अजून बरेच शिल्लक आहेत, पण आज कामाचे नाहीत.

वीट पडली नाही हे खरं. एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नाटक संपलं होतं, दुपारी सामान उतरवत होतो. मी वर, विटा काढायला. खाली माझा जोडीदार, दोर अडकवून ठेवणाऱ्या कळीवर. बारा वर्षं आम्ही एकत्र काम केलं होतं. एकमेकांचं तोंड दिसत नसे, आवाजावर काम चालायचं. मी वरून आकडा सांगायचा, अमुक पाळणा रिकामा, मग तो खालचं सामान सोडवून कळ उघडायचा.

त्या दिवशी व्यवस्थापक माझ्याशी सुट्टीवरून वाद घालत शिडीपर्यंत आला होता. मी डोक्यात तेच भांडण घेऊन वर गेले. आठ नंबरचा पाळणा रिकामा केला आणि ओरडले, "सात रिकामा."

सातमध्ये बावीस विटा होत्या. त्याने सातचं सामान सोडवलं, कळ उघडली. पाळणा खाली आला. त्याने दोर सोडला नाही, थांबवायला बघितलं. खांदा निखळला, आतलं सगळं फाटलं. तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही.

मला मिनिटभरात कळलं. आठचा पाळणा माझ्यासमोर रिकामा होता. चौकशीत मला विचारलं, काय ओरडलात? मी म्हटलं, आठ. त्याने सांगितलं, मला सात ऐकू आलं. त्यांनी लिहिलं, ऐकण्यात चूक. त्याला काढून टाकलं. मला दुसरा जोडीदार दिला.

त्यानंतर दोन वर्षं मी काम केलं. वर जायचे, विटा काढायचे, आणि आकडा तोंडातून निघायचा नाही. खालचे लोक ताटकळायचे. म्हणून सोडलं. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

तुला जा आणि सांग म्हणायचा मला अधिकार नाही. तू जाशील की नाही ते तू बघ. फक्त हे सांगते, की ते आपोआप विरून जाईल अशी वाट बघू नकोस. मी एकोणीस वर्षं बघितली.

आत्या

३० जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र खिशात ठेवून चार दिवस ऑफिसला गेलो. पाचव्या दिवशी समितीच्या अध्यक्षांकडे दोन्ही कागद दिले, जानेवारीचा आणि मार्चचा. म्हटलं, तारखेखेरीज काय बदललंय ते शोधा. त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत.

सुटसुटीतराव म्हणाले की मी भावनेच्या भरात आहे. मी म्हटलं, नाही, मी किलोच्या भरात आहे, अकरा किलोच्या. आयुष्यात एकदाच वेळेवर सुचलं.

नर्स कामावर परत आली. मी माफी मागायला गेलो. तिने ऐकलं आणि सांगितलं की तिची ड्यूटी सुरू होतेय. बस्, एवढंच. सुतारकाकांकडे गेलो तेव्हा मला वाटलं ओरडतील. त्यांनी डाव्या हाताने चष्मा लावला आणि म्हणाले, "कुठे चुकलं ते कागदावर दाखव." मी दाखवलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एवढंच करायचं होतं?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

कंपनीने मला सन्मानपूर्वक दुरुस्ती विभागात पाठवलंय. सन्मान म्हणजे तळघर. सुटसुटीतरावांना बढती मिळाली, जगावरचा विश्वास उडू नये म्हणून हेही कळवतो. पण यंत्राच्या मागे वजन परत आलं. मागचा दांडा छोटा केला, आणि दोन समांतर दांड्यांनी कोपराचा भारही तळाशी आणला, म्हणजे आता दाराला आपटत नाही. हे मार्चमध्येही करता आलं असतं.

गेल्या पत्रात मी जे लिहिलं त्याबद्दल काय लिहावं कळत नाही. तो तुझा जोडीदार आता कुठे असतो?

तुझा,
भाचा

१४ ऑगस्ट

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

कुठे असतो ते मला एकोणीस वर्षं माहीत होतं. बसने पाऊण तास. इतक्या जवळच्या माणसाला टाळायला किती लांबून जावं लागतं, याच्यावर एखादं यंत्र बनवायला हवं.

तुझी सगळी पत्रं आणि माझी गोष्ट अखेर दादांना सांगितली. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. म्हणाले, "बसचा पास आहे ना तुझ्याकडे?" त्यांच्या पिशवीतली वाळू मी दर आठवड्याला वाटीभर काढते, त्यांना न सांगता. त्यांना कळतं. तेही न सांगता उचलतात.

मंगळवारी गेले. दुसरा मजला, अरुंद जिना. दार त्याच्या बायकोने उघडलं. तिने मला ओळखलं, बसवलं आणि आतल्या खोलीकडे वळून इतक्या मोठ्याने हाक मारली की मी दचकले. तो आला. केस पांढरे, उजवा खांदा खाली ओघळलेला. "बाई, तुम्ही?" म्हणाला. ती त्याच्या कानाशी वाकून ओरडली, "जुन्या कामावरच्या बाई आल्यात." तो म्हणाला, ऐकू आलं.

मी इकडचं तिकडचं न बोलता सांगून टाकलं. त्या दिवशी मी आठ रिकामा केला, आणि ओरडले सात. तुम्ही बरोबर ऐकलं होतं. चौकशीत मी खोटं बोलले.

मला वाटलं होतं, त्याला हे आधीच ठाऊक असेल, मनातल्या मनात मला शिव्या देत असेल. शिव्यांची मी तयारी करून गेले होते. त्याला ठाऊक नव्हतं. त्याने आधी बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी सातच ऐकलं होतं?"

"सातच."

त्याची बायको सांगायला लागली. मला नव्हे, भिंतीला सांगितल्यासारखं. चौकशीनंतर त्याने तीन ठिकाणी कान तपासून घेतले. तिघांनी सांगितलं, कान उत्तम आहेत. त्याचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. पुढे रस्ता ओलांडायचा झाला तरी तिचा हात धरायचा, गाडीचा आवाज चुकेल म्हणून. कुठे आवाजाचं काम असेल ते त्याने घेतलं नाही. घरात प्रत्येकाला सांगून ठेवलं, माझ्याशी मोठ्याने बोला, मला नीट ऐकू येत नाही. मुलं ओरडून बोलतच मोठी झाली. ती स्वतः एकोणीस वर्षं ओरडते आहे.

मी खांद्याची माफी मागायला गेले होते. कानांचं मला माहीतच नव्हतं.

त्याने मला पुन्हा सांगायला लावलं. पहिल्यापासून, तिच्याकडे बघून. मी सांगितलं. आठ, सात, चौकशी, सगळं. मधे मी घाई केली, तर तो म्हणाला, सावकाश सांगा, ऐकतोय. सांगून झालं. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्याने मान त्या बाजूला वळवली.

मग ती उठून आत गेली. आतूनच, पाठमोरी, अगदी हलक्या आवाजात, आपण स्वतःशी बोलतो तसं तिने विचारलं, "चहा टाकू का?"

मलासुद्धा ते जेमतेम ऐकू आलं.

"टाक," तो म्हणाला. "दोनच कप."

मी उठले आणि चपला घातल्या.

आत्या